बायकोनं आजवर गेम खेळलेला नाही. दोघांनी मिळून खेळायला कन्सोलवर कोणता गेम घ्यावा?

कोल्हापुरात फुटबॉलचा नाद, म्हणून आपण पहिला गेम फुटबॉलचाच लावतो. तिथंच चुकतं. शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या माझ्या वहिनींनाही कंट्रोलरवरची एवढी बटणं झेपली नाहीत.

'अनरॅव्हल टू' (२०१८) घ्या. लोकरीच्या दोन बाहुल्या एका धाग्यानं बांधलेल्या. कॅमेरा (म्हणजे पडद्यावरचं दृश्य) आपण फिरवावा लागत नाही, आणि अवघड उडी आली की एकजण दुसऱ्याला सोबत उचलून पुढं जातो. नवख्याची भीती तिथंच मोडते. निन्टेन्डोचा स्विच कन्सोल असेल तर 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. स्मार्ट स्टीअरिंग चालू ठेवा, गाडी रस्ता सोडत नाही. 'इट टेक्स टू' हा दोघांनी खेळायचा गेम फार सुंदर आहे, पण दोन्ही अंगठे एकदम चालवावे लागतात, तो महिनाभरानं. आणि शिकवताना कंट्रोलर हातातून ओढून घेऊ नका. वहिनी त्यामुळंच उठून गेल्या होत्या.