‘आम्ही फक्त तेल दिलं’

प्रश्न : माझे वडील नौदलात स्टोकर, म्हणजे इंजिनरूममधले खलाशी होते. १९७१ च्या युद्धात ते तेलाच्या टँकरवर होते. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, ‘आम्ही फक्त तेल दिलं.’ गेल्या वर्षी ते वारले. आता माझा मुलगा विचारतो, आजोबा लढले की नाही? काय सांगू? – एक वाचक, कागल

उत्तर : ताई, लढले. मुलाला छातीठोकपणे सांगा. मी युद्धानंतर तीन वर्षांनी भरती झालो. पुढे ‘दीपक’ या टँकरवर डेकवर होतो, तेव्हा तेल देणं म्हणजे काय ते माझ्या हातांना ठाऊक आहे.

भर समुद्रात तेल देताना टँकर थांबत नाही. युद्धनौका शेजारी येते, मध्ये जेमतेम तीस-चाळीस मीटर पाणी, दोघी एका वेगाने धावत असतात. आपल्या हायवेवर उसाने भरलेले दोन ट्रक शेजारी-शेजारी पळताहेत आणि एकातून दुसऱ्यात पाइपने डिझेल सोडलंय, असं समजा. आधी बंदुकीने बारीक दोरी पलीकडे मारायची, तिच्यामागून जाड दोर, मग तारेला लटकवलेला होज, म्हणजे तेलाचा पाइप. मधलं पाणी खवळतं, जहाजं एकमेकींकडे ओढली जातात. सुकाणूवरच्या माणसाने क्षणभरही नजर हलवायची नाही. वेळ आली तर दोर तोडायला कुऱ्हाड हाताशी ठेवलेली असायची. खाली इंजिनरूममध्ये तुमच्या वडिलांसारखी माणसं. बाहेर काय चाललंय ते त्यांना दिसतही नाही.

आणि होज जोडलेला असताना झटकन वळता येत नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी, १७६ खलाशी गेले. त्याच अरबी समुद्रात टँकर फिरत होते, पोटात तेल घेऊन.

४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला. नौदल दिन म्हणतात तो त्या रात्रीचाच. पण त्या छोट्या बोटी, त्यांचा पल्ला कमी. जाऊन परत यायचं तर तेल सोबत हवं. म्हणून ‘किल्तान’, ‘कच्छल’ या युद्धनौकांबरोबर त्या तुकडीत एक टँकर होता, नाव ‘पोषक’. काय नेमकं नाव ठेवलंय! चार दिवसांनी ‘विनाश’ या मिसाइल बोटीने मिसाइलं सोडली, कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या आणि पाकिस्तानी नौदलाचा स्वतःचा टँकर ‘ढाका’ जबर जखमी झाला. त्याच्याही इंजिनरूममध्ये स्टोकर असणारच. टँकरवर दिवस काढलेल्या माणसाच्या मनातून हे जात नाही.

वडील कोणत्या टँकरवर होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरातली ट्रंक उघडा. १९७१ चं संग्राम मेडल असेल तर त्याच्या कडेवरून बोट फिरवा, नाव आणि नंबर कोरलेला लागेल. ‘पश्चिमी स्टार’ किंवा ‘पूर्वी स्टार’ हे मेडल असेल तर कोणत्या बाजूला होते तेही कळेल. खलाशांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्समध्ये असतं. तो नंबर घेऊन आधी कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्जाचं ते सांगतील. जाताना मुलाला बरोबर न्या. जहाजाचं नाव कळलं की मला जरूर लिहा.