फायब्रोमायल्जियात सप्लिमेंट्स: सासूबाईंना काय द्यावं, काय नको

ताई, सासूबाईंना फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखण्याचा, थकव्याचा आजार) निघालाय, त्या दुखण्यावरची डुलोक्सेटिन आणि थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि भाचीने अमेरिकेहून मॅग्नेशियम, डी आणि बी-12 ही जीवनसत्त्वं, अश्वगंधा आणि 5-एचटीपी असे पाच डबे पाठवलेत. सगळं एकदम सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. मी नऊ वर्षं हेच दुखणं घेऊन बडोद्यात राहतेय, म्हणून कळकळीने सांगते: एकदम करू नका. आणि 5-एचटीपीचा डबा तर उघडूच नका. डुलोक्सेटिनने मेंदूत सेरोटोनिन या संदेश पोचवणाऱ्या रसायनाचं काम वाढतं, 5-एचटीपीपासूनही सेरोटोनिनच बनतं. दोन्हींची बेरीज झाली तर थरथर, घाम, ताप, छातीत धडधड सुरू होऊ शकते आणि तातडीने दवाखाना गाठावा लागू शकतो.

बाकीच्यांचं म्हणाल, तर जे शरीरात कमी आहे ते भरून काढलं की उपयोग होतो. कमी नसेल तर पैसे जातात. म्हणून आधी रक्त तपासून घ्या: डी, बी-12, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). थायरॉइड बिघडला किंवा डी कमी पडलं तरी अंग असंच ठणकतं, थकवा असाच येतो.

माझं बी-12 खूप कमी निघालं होतं. आमच्याकडे शुद्ध शाकाहार, त्यात ते कमी पडणं नवल नाही. इंजेक्शनं झाल्यावर पायांच्या मुंग्या गेल्या, दुपारी अंथरुणाला पाठ लावल्याशिवाय निभत नसे तेही कमी झालं. खांदे आणि मान मात्र दुखतच राहिली. हे आधीच सांगते, म्हणजे सासूबाईंचा हिरमोड होणार नाही.

डीचं तसंच. 2014 साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फायब्रोमायल्जियाच्या 30 स्त्रियांवरचा. डी दिल्यावर वेदना कमी झाल्या, पण अभ्यासात घेतलेल्या सगळ्या स्त्रिया ज्यांचं डी मुळात कमी होतं अशाच होत्या. आपल्याकडे मिळणारी 60,000 युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. काही घरांत ती रोज घेतली जाते. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर येतं. पुडीचा वार पक्का करा आणि जेवणानंतर द्या.

मॅग्नेशियममध्ये मी स्वतः चुकले. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी आणि तिच्यासोबतच मॅग्नेशियम, कारण दोन्ही आठवणीने घेतलं जायचं. तीन महिन्यांनी टीएसएच वाढलेलं निघालं. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सकाळी अजून काय घेता?" मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह यांच्यामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये चार तास तरी जायला हवेत. मी ते रात्रीच्या जेवणानंतर नेलं आणि डोस न वाढवता टीएसएच जागेवर आलं. पोट ढिलं होत असेल तर मात्रा कमी करा, आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

अश्वगंधा आपली, घरची वाटते, पण तिने थायरॉइडचे आकडे हलू शकतात आणि यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. डुलोक्सेटिनमध्येही यकृत जपावं लागतंच. मी तरी ती बाजूला ठेवेन.

उरलेल्यांपैकी डॉक्टर हो म्हणतील ते एका वेळी एकच सुरू करा आणि सहा-आठ आठवडे बघा. मी कालनिर्णयच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहिते: दुखणं दहापैकी किती आणि झोप किती तास. महिन्याचं पान समोर धरलं की फरक पडला की नाही ते दिसतं. नाहीतर बरं वाटलं ते गोळीने की पाहुणे गेल्याने, हे कळायला मार्ग नसतो.

डब्यांपेक्षा मला चालण्याने जास्त दिलं. 2017 साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ज्या शिफारशी छापल्या, त्यांतही ठाम शिफारस एकट्या व्यायामाचीच आहे. मी कमाटीबागेत पहिले पंधरा दिवस फक्त दहा मिनिटं चालले, मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवली. बरं वाटतंय म्हणून एका दिवशी जास्त चाललं की पुढचे तीन दिवस जातात. नवरात्रात गरब्याला उभी राहून मी ते भोगलंय. सुरुवातीला तुम्ही सोबत जा, एकटं जायला धीर होत नाही.

पाचही डबे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, नावं सांगण्यात गडबड होते. आणि सासूबाई थायरॉइडची गोळी किती वाजता घेतात, तिच्यानंतर चहा किती वेळाने, तेवढं मला कळवा.