स्टीलचा सिंक गंजतो कसा? आणि भांड्यांचे बाकीचे प्रश्न

प्रश्न : सिंक घेताना दुकानदार म्हणाला स्टेनलेस आहे, कधी गंजणार नाही. वर्षही झालं नाही आणि तळाला तांबूस ठिपके आलेत. फसवलं का आम्हाला? (एक वाचक, सोलापूर)

फसवलंच असेल असं नाही ताई, आधी मला सांगा तारेची घासणी वापरून झाली की कुठे ठेवता? बहुतेक घरात ती ओलीच सिंकच्या कोपऱ्यात पडलेली असते रात्रभर, आणि साधी लोखंडी तार असेल तर गंजते ती घासणी, तिचे बारीक बारीक कण सिंकला चिकटतात आणि आपल्याला वाटतं सिंकच गंजला. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा हवेशी संबंध आला की वर एक अतिशय पातळ थर तयार होतो, डोळ्यांना न दिसणारा, तो स्टीलला सांभाळतो. ओरखडा पडला तरी हवा लागली की तो परत धरतो. म्हणून आधी खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, ठिपक्यांवर लावा, पंधरावीस मिनिटांनी नायलॉनच्या घासणीने घासा. सिंकवर बारीक रेघा असतात ना, त्या ज्या दिशेने जातात त्याच दिशेने हात चालवायचा, गोल गोल नाही, नाहीतर नवीनच चरे दिसायला लागतात.

डाग निघाला आणि खाली गुळगुळीत लागलं तर प्रश्न मिटला. पण नख फिरवल्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा लागला तर मात्र तो थर तिथे तुटलाय, आणि तो खड्डा काही भरून येत नाही. हे करतं क्लोराइड. म्हणजे ब्लीच, बाथरूमच्या फरशीचं अ‍ॅसिड, आणि आपलं साधं मीठसुद्धा. पांढरे कपडे ब्लीचमध्ये भिजवून ती बादली सिंकमध्ये ओततात लोक, वर पाणीही सोडत नाहीत! आणि एक, ब्लीच आणि व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड एकत्र कधीही करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. स्वच्छतेच्या नादात जिवावर बेतायचं.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. पिंपाला आतून पांढरा थर बसतो, घासून घासून हात दुखले.

घासू नकाच. ते क्षार आहेत, जोर लावून निघत नाहीत, आंबट लागलं की सुटतात. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवा, फडकं त्यात बुडवून आतून थराला चिकटवून ठेवा अर्धा तास, मग पुसलं की येतं हातात. जुना थर असेल तर दोनदा करावं लागेल. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसा, कारण थेंब तसेच वाळू दिले की पुन्हा तेच ठिपके.

प्रश्न : कढईच्या तळाला निळे-जांभळे-सोनेरी डाग आलेत. विषारी आहेत का?

अजिबात नाही. आच जास्त झाली की तोच वरचा थर थोडा जाड होतो आणि त्यावर रंग दिसतात, पाण्यावर तेल पसरल्यावर दिसतात तसे. थोडं व्हिनेगर चोळा, गेले. नाही चोळलं तरी भाजी तशीच होणार आहे.

प्रश्न : दूध करपलं.

पातेल्यात डाग बुडेल इतकं पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा, दहा मिनिटं उकळा, गार होईपर्यंत तसंच राहू द्या, मग लाकडी उलथन्याने खरवडा. आणि हो, आधण ठेवताना गार पाण्यात मीठ टाकून विसरू नका, ते तळाशी बसतं आणि तिथेच खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर टाका आणि ढवळा.

प्रश्न : चुंबक चिकटला तर स्टील डुप्लिकेट समजायचं ना?

हे प्रत्येक भांड्याच्या दुकानात ऐकू येतं, आणि यात अर्धंच खरं आहे. चांगल्या ३०४ ग्रेडच्या स्टीलला, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त २०२ ग्रेड असतं त्यालाही चिकटत नाही, मग चुंबकाने कळलं काय? उलट इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या बुडाला चुंबक चिकटतो, चिकटायलाच हवा, नाहीतर शेगडी तापवणारच नाही. त्यामुळे डब्याच्या बुडावरचा ग्रेडचा शिक्का बघा, बिल घ्या, आणि बिलावर ग्रेड लिहून मागा. दुकानदार कां कूं करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : दिवाळीआधी डबे आरशासारखे चमकवायचेत. पितळ घासायची पावडर चालेल?

नको, चरे पडायची भीती. साबणाने धुवा, लिंबूसत्वाचं पाणी फिरवा, परत धुवा, मऊ सुती फडक्याने पुसा. फ्रिजच्या दारावर बोटांचे ठसे उठतात तिथे फडक्याला खोबरेल तेलाचा एकच थेंब, जास्त घेतलं तर धूळ चिकटते. खोल चरे मात्र घरी जात नाहीत, त्याला मशीनवर बफिंगच, म्हणजे घासून पॉलिश, करावं लागतं आणि साध्या डब्यासाठी तो खर्च परवडत नाही, त्या चऱ्यांकडची बाजू भिंतीकडे करून ठेवा.