गुण वाढले, पण शिरेची सूज कमी झाली का?

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सलाईनच्या कॅन्युलामुळे (शिरेत ठेवलेल्या बारीक नळीमुळे) होणाऱ्या फ्लेबायटिसबद्दल, म्हणजे शिरेच्या सुजेबद्दल, ६० स्टाफ नर्सना शिकवायचे, आधी प्री-टेस्ट आणि सात दिवसांनी तीच पोस्ट-टेस्ट घ्यायची, असे ठरवले आहे. ही पद्धत भक्कम ठरेल का?

उत्तर : नाही. एकच गट आणि तीच प्रश्नपत्रिका असली की गुण बहुधा वाढतातच. ते शिकवल्याने वाढले की प्रश्न लक्षात राहिल्याने, हे सांगता येत नाही. आणि रुग्णाची शीर सुजायची थांबली का, हे तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) कितीही लहान आली तरी कळत नाही. आपल्याला खरे तेच हवे आहे.

निम्म्याच नर्सना शिकवले तर ड्युटी बदलताना माहिती दुसऱ्या गटात पोहोचते. दोन वॉर्डांची तुलना केली तर फरक शिकवण्याचा की रुग्णांचा, हे वेगळे काढता येत नाही. बरेच वॉर्ड घेणे प्रबंधाच्या मुदतीत जमत नाही.

म्हणून प्रश्नच रुग्णापाशी आणा: वॉर्डात सध्या वापरतात त्या चिकटपट्टीपेक्षा पारदर्शक ड्रेसिंगने फ्लेबायटिस कमी होतो का? प्रमाण ३० टक्क्यांवरून १५ वर येईल असे धरल्यास, ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे ठरण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरला (खरा फरक सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ११८ रुग्ण लागतात. १० टक्के रुग्ण मध्येच गळतील असे धरून १३२. सुरुवातीचे प्रमाण मात्र स्वतःच्या वॉर्डाच्या नोंदींतून काढा.

सम-विषम तारखांनी गट पाडू नका. पुढचा गट आधीच कळला की अवघड शिरांचे रुग्ण नकळत एकाच बाजूला जातात. संगणकावर यादृच्छिक यादी दुसऱ्या कोणाकडून काढून घ्या, क्रमांक घातलेली अपारदर्शक बंद पाकिटे करा आणि रुग्णाचे नाव लिहिल्यावरच पाकीट फोडा. एका रुग्णाची एकच कॅन्युला मोजा.

मोजणीला व्हीआयपी (व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस) स्केल, म्हणजे शीर पाहून ० ते ५ गुण. २ किंवा जास्त म्हणजे फ्लेबायटिस. ड्रेसिंग वॉर्डातल्या नर्सने काढावे, मगच गट माहीत नसलेल्या दुसऱ्या नर्सने शीर पाहावी. कॅन्युला काढल्यावर ४८ तासांनी पुन्हा पाहा, कारण सूज नंतरही येते. आधी २० रुग्णांवर शीर पाहणाऱ्या दोन नर्सनी स्वतंत्र गुण देऊन कप्पा (दोघींचे गुण किती जुळतात याचा आकडा) काढा, ०.८ च्या खाली आला तर पुन्हा सराव.

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली की सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया, वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी करा, आणि नोंदणी क्रमांक हाती आल्यावरच पहिला रुग्ण घ्या.