वाचकांचे प्रश्न : गाइडात न सापडणारे विषय

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘माझा आवडता सण’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’ असे विषय दिले की साऱ्या वह्यांत एकच निबंध सापडतो. आमच्या शिवारात मोर क्वचितच दिसतो, तरी प्रत्येक निबंधात तो पिसारा फुलवून नाचतो. हीच मुले मधल्या सुट्टीत तोंडाला खळ न पाडता बोलत असतात. त्यांना लिहावेसे वाटेल असे विषय सुचवावेत.

उत्तर : सर, तो मोर गाइडातला आहे, आणि मुलांनी तो तिथून उचलला यात त्यांचा फारसा दोष नाही. ‘बळिराजा’, ‘जगाचा पोशिंदा’, ‘काळी आई’ हे शब्द ओळीने मांडले की गुण मिळतात, हे त्यांनी केव्हाच ओळखले आहे. उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नावर कोणते मूल जीव ओतून लिहील? म्हणून विषय ठरवताना मी एकच कसोटी लावतो : विद्यार्थ्याजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही, असे काही या विषयातून बाहेर येणार आहे काय?

आपल्या भागातील कापसाचेच उदाहरण घेऊ. ‘कापूस वेचणाऱ्या बाईचे आत्मवृत्त’ दिले तर घाम, कष्ट आणि फाटके लुगडे यांच्यापलीकडे काही येणार नाही. त्याऐवजी फळ्यावर असे लिहा : ‘संध्याकाळ झाली आहे, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) कापूस मोजणे सुरू आहे आणि वेचणीचे पैसे किलोवर आहेत. एका बाईचे वजन तिच्या अंदाजापेक्षा कमी भरले. तिथे उभ्या असलेल्या तिघांचे बोलणे लिहा. वर्णन दोन ओळींहून अधिक नको.’ आता मुलांना जे ठाऊक आहे ते आपोआप कागदावर येऊ लागते. कमरेची ओटी सोडणे, गाठोडे काट्याच्या आकड्याला अडकवताना त्याला चुकून किंवा मुद्दाम लागलेला हात, दवाने ओला झालेला कापूस जड भरतो म्हणून मालकाने काढलेली शंका, आणि दुपारच्या उन्हात तो केव्हाच वाळला हे त्या बाईचे उत्तर, यांतले काहीही आपल्याला सांगावे लागत नाही. वर्गात एक मूल वावराच्या मालकाच्या घरचे असते आणि दुसरे वेचणीला जाणाऱ्या आईचे. दोघांचे संवाद सारखे निघूच शकत नाहीत. ते एकापाठोपाठ वाचून दाखवावेत, मात्र नावे न घेता आणि कोण बरोबर याचा निवाडा न करता.

असा संवाद लिहिताना वऱ्हाडीला मोकळीक द्यावी. ‘वजन कमी काऊन भरून रायलं?’ असे विचारणारी बाई कागदावर ‘वजन कमी का भरत आहे?’ असे बोलू लागली की ती धुऱ्यावरून उठून थेट पाठ्यपुस्तकात जाऊन बसते. कथनाची भाषा प्रमाण आणि अवतरणचिन्हांतील भाषा घरची, एवढा नियम आठवीच्या मुलांना सहज पेलतो, आणि अवतरणचिन्हे कशासाठी असतात हेही त्यातून कळते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांना साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. प्रश्न नेमका आणि ओळखीच्या भाषेत असला की गप्प बसलेला माणूस बोलतो, ही रीत आपल्या मातीतली आहे, आणि लेखनाच्या तासालाही ती तशीच लागू पडते.

वर्षाच्या सुरुवातीचा विषय तर हंगामच देतो. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पेरणीची धांदल उडालेली असते, आणि एखाद्या वर्षी पेरून झाल्यावर पावसाने दडी मारलेली असते. तेव्हा विचारावे : ‘पावसाचा खंड पडला आहे. घरात आभाळाकडे कोण पाहते, मोबाइलवर हवामानाचा अंदाज कोण पाहते, आणि या विषयावर कोण बोलतच नाही?’ यातला तिसरा भाग महत्त्वाचा आहे. पहिल्या दोहोंचे उत्तर मुले लगेच देतात. तिसऱ्यापाशी त्यांना थांबून आपल्याच घराकडे पाहावे लागते.

पोळ्याला ‘बैलाचे आत्मकथन’ देण्याचा मोह आवरावा. आता कित्येक गोठे रिकामे आहेत, मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. म्हणून ‘ज्या घरी बैलजोडी उरलेली नाही, त्या घरी पोळ्याच्या दिवशी काय केले जाते?’ हा विषय अधिक खरा आहे. कोणी मातीच्या बैलांची पूजा करतो, कोणी शेजाऱ्याच्या जोडीला नैवेद्य नेतो, आणि एखादा आजोबा तोरणाखाली जायचेच टाळतो. जी मुले गद्य लिहायला कंटाळतात, त्यांना नवी झडती रचायला सांगा. पोळा फुटण्याआधी म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांत महागाई, नापिकी आणि पुढारी यांची खबर घेण्याची परवानगी परंपरेनेच दिलेली आहे, आणि शेवटी ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणायला सारा वर्ग तयार असतो. सोयाबीनच्या भावावर, शाळेच्या गळक्या छपरावर किंवा एसटीच्या वेळापत्रकावर चार-सहा यमकबद्ध ओळी रचताना मागच्या बाकावरचे विद्यार्थी पुढे सरसावतात. शिक्षकांवरही एखादी झडती होईल. ती आपण हसून ऐकावी.

एका बाबतीत मात्र फार जपावे लागते. आपल्या जिल्ह्यात कर्ज, नापिकी आणि आत्महत्या हे विषय वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरात घडून गेलेले असू शकतात. बक्षिसाच्या स्पर्धेसाठी ‘शेतकरी आत्महत्या’ हा विषय देणे मला क्रूरपणाचे वाटते. ज्याला त्याविषयी लिहायचे असेल तो कोणत्याही विषयातून तिथे पोहोचतोच. आपण फक्त वाट मोकळी ठेवावी. ‘तुमच्या घरातील’ असे न म्हणता ‘एका घरातील’ असे म्हटले की मुलाला आडोसा मिळतो. हे लेखन मोठ्याने वाचले जाणार की नाही, हेही ज्याचे त्याला ठरवू द्यावे, आणि वहीत काही चिंताजनक आढळले तर लाल शाई बाजूला ठेवून त्या मुलाशी एकांतात बोलावे.

तपासण्याविषयी थोडेसेच. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. जे वाक्य त्या मुलावाचून दुसरे कोणी लिहूच शकले नसते, त्याखाली एक रेघ ओढा. शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यात पाहता येते. दहावीच्या परीक्षेची काळजी असेल तर धुऱ्यावरचा तोच प्रसंग पुढच्या तासांना बातमी म्हणून, कथा म्हणून, वजनकाट्याचे आत्मकथन म्हणून आणि ‘मजुरी दिवसावर असावी की किलोवर?’ असे वैचारिक लेखन म्हणून लिहून घ्यावा. उपयोजित लेखन आणि लेखनकौशल्य या विभागांतील बरेचसे प्रकार त्यात येऊन जातात, आणि माहिती तीच असल्याने मुलांचे लक्ष मांडणीकडे राहते.

प्रश्न : आम्ही वरूड तालुक्यात राहतो, आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मुलगा नववीत असून मोबाइल सोडून काही हाती धरत नाही. त्याला लिहायला बसवण्यासाठी मी काय करावे?

उत्तर : ताई, त्याला बसवू नका. बगीचा झाडावरच विकायची वेळ आली आणि व्यापारी पाहणीला आला की मुलाला त्या बोलण्याच्या जवळपास थांबू द्या. नंतर त्याने मोबाइलवरच, एकाखाली एक, असे लिहावे : व्यापारी काय बोलला आणि त्याच्या मनात काय होते, बाबा काय बोलले आणि त्यांच्या मनात काय होते. फळगळीचे निमित्त करून भाव पाडणारा व्यापारी आणि ‘दुसरा गिऱ्हाईक उद्या येणार आहे’ असे दडपून सांगणारे बाबा, दोघांनाही तो बरोबर पकडील. लिहिलेले बाबांना दाखवायचे की नाही, ते त्याच्यावर सोडा.

प्रश्न : मी दहावीत आहे आणि गडचिरोली जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. मला लिहायला आवडते. पण आमच्या गावात काही घडतच नाही. मी कशावर लिहू?

उत्तर : काही घडत नाही असे तू म्हणतेस, तर दोन जागा सांगतो. मोहफुले पहाटे गळतात, तेव्हा एप्रिलमध्ये टोपली घेऊन अंधारातच निघणाऱ्या बाया झाडाखाली पोहोचेपर्यंत काय बोलतात ते लिही. कोणते झाड कोणाचे, काल कोणाच्या झाडाखालची फुले आधीच कोणी वेचून नेली, कोणाच्या लेकीचे लग्न जुळले, हे सारे त्या वाटेवर ठरते आणि दिवसा त्याविषयी कोणी बोलत नाही.

दुसरी जागा आपल्या पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकाची. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडशाच्या एखाद्या कंपनीचे नाटक तूही पाहिले असशील. समज, नाटक पहाटे संपले आहे, खलनायकाचे काम करणारा नट तोंडावरचा रंग पुसून चहाच्या टपरीवर आला आहे, आणि रात्री त्याला भर मांडवात शिव्या देणारी एक आजी तिथेच बाकावर बसलेली आहे. पहिले वाक्य आजीचे असू दे, तेही झाडीबोलीत. दहा ओळींच्या आत नटाने तिला काही तरी उत्तर दिलेच पाहिजे, एवढी एकच अट.