ट्राम परत आणायची म्हणता, पण चालवायची कशी?

मागच्या वेळी या सदरात मी लिहिले होते की दक्षिण मुंबईत ट्राम परत आणण्याची टूम दर दोन-चार वर्षांनी निघते, पण ती रोज सकाळी चालवायची कशी यावर कोणी अवाक्षर काढत नाही. त्यावर बरीच पत्रे आली. निम्म्या पत्रांत आजोबांनी सांगितलेल्या आठवणी आहेत. त्या आवडीने वाचल्या, पण त्यांना उत्तर नसते. गाडी चालवण्याबद्दलचे प्रश्न तेवढे इथे घेतो.

दादर पूर्वेचे एक ज्येष्ठ वाचक विचारतात : आम्ही आजही पत्ता सांगताना ‘दादर टीटी’, म्हणजे दादर ट्राम टर्मिनस, म्हणतो. नव्वद वर्षे ज्या ट्रामने मुंबई वाहिली, ती 1964 मध्ये एकाएकी कुचकामी कशी ठरली?

एकाएकी काहीच झाले नाही. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. 7 मे 1907 ला विजेची ट्राम आली आणि 1920 मध्ये तिच्यावर दुसरा मजला चढला. मग 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली आणि ट्रामला घरातच भाऊबंद निर्माण झाला. पुढची अडतीस वर्षे दोन्ही एकाच रस्त्यावर होत्या. 31 मार्च 1964 च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली.

ट्राम हरली ती एकाच गोष्टीवर. वाटेत हातगाडीचे चाक निखळले तर बस वळसा घालून पुढे जाते. ट्राम तिथेच उभी राहते आणि तिच्या मागच्या सगळ्या गाड्याही उभ्या राहतात. रूळ रस्त्याच्या मधोमध होते आणि मोटारी वाढत गेल्या. उतरणाऱ्या माणसाला चालत्या वाहनांतून फुटपाथ गाठावा लागायचा. मेलबर्नला आजही सुमारे 250 किलोमीटरचे ट्रामचे जाळे आहे. तिथेही जिथे जिथे ट्राम मोटारींच्या लेनमधून जाते, तिथे ती रडत-रखडत जाते. तेव्हा डॉ. आंबेडकर मार्गाच्या मधल्या दोन लेन पूर्णपणे ट्रामला द्यायची तयारी असेल तर पुढे बोलू. नसेल तर तो पैसा बसवर घाला. हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते ट्रामप्रेमींना आवडत नाही, याची मला कल्पना आहे.

भांडुपची एक विद्यार्थिनी : मी ज्या एसी बसने जाते, तिच्यातली घोषणा कायम एक थांबा मागे असते. ट्राममध्येही असेच होईल का? गाडीला कळते तरी कसे आपण कुठे आहोत ते?

प्रश्न छोटा आहे, पण यात बरेच काही दडलेले आहे.

गाडीला जागा कळण्याचे दोन मार्ग. एक उपग्रहावरून. तो मोकळ्या रस्त्यावर चांगला चालतो, पण फोर्टसारख्या उंच दगडी इमारतींच्या गल्ल्यांत भरकटतो. दुसरा मार्ग म्हणजे चाकाचे फेरे मोजणे. ट्राम रूळ सोडून जाणार नाही हे पक्के असल्याने तिच्यासाठी हा दुसरा मार्ग भरवशाचा. पण चाक झिजते! नवे चाक 600 मिलिमीटर व्यासाचे आहे आणि झिजून 540 वर आले असे धरा. यंत्र म्हणते 400 मीटर झाले, गाडी प्रत्यक्षात 360 मीटरच गेलेली असते. म्हणजे ‘थांबा आला’ ही घोषणा चाळीस मीटर आधीच वाजते, माणसे उठून दाराशी येतात आणि गाडी सिग्नलला उभी. म्हणून डेपोत चाक कातले (यंत्रावर घासून पुन्हा गोल केले) की त्याचा नवा व्यास गाडीच्या संगणकात भरावा लागतो. हे काम कोणाचे, हे डेपोत ठरलेले नसेल तर ते कोणीच करत नाही.

आता ‘एक थांबा मागे’ कसे होते? काही यंत्रणा दार उघडले की थांबा झाला असे समजतात. थांब्यावर कोणी चढणारे-उतरणारे नव्हते, चालकाने दार उघडले नाही, की यादी एका घराने मागे राहते आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तशीच जाते. तुमच्या बसमध्ये नेमके हेच होते असे मी सांगू शकत नाही, पण एक करून पाहा. चूक नेहमी एकाच रिकाम्या थांब्यानंतर सुरू होते का, ते बघा. तसे असेल तर तक्रारीत तेवढेच एक वाक्य लिहा. ‘घोषणा नीट नाही’ या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. त्या वाक्यावर मात्र दुरुस्ती करणारा माणूस लगेच कामाला लागू शकतो.

दुसरे म्हणजे लांबी. शहरातल्या ट्रामचे थांबे तीनशे-चारशे मीटरवर असतात, म्हणजे मधे जेमतेम एक मिनिट. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, मग दारापासून दूर राहा, मग बेवारस वस्तूंना हात लावू नका. बोलून होईपर्यंत थांबा येऊन गेलेला असतो. माझ्या हातात असते तर गाडी निघाल्यावर पुढच्या थांब्याचे नाव एकदा, पोहोचताना पुन्हा एकदा, आणि बाकी शांतता. सूचना थांब्यावर उभ्या माणसाला ऐकवाव्यात, त्याला वेळ असतो. आणि नाव लोकांच्या तोंडचे घ्यावे. ‘हुतात्मा चौक’ म्हणाच, पण जोडीला ‘फाउंटन’ही म्हणा.

गाडीबाहेरच्या घोषणेचा मात्र सगळ्यांना विसर पडतो. एका थांब्यावर तीन मार्गांच्या गाड्या येतात तेव्हा दृष्टिहीन प्रवाशाला, दार उघडल्याबरोबर, बाहेरच्या बाजूला, मार्ग क्रमांक आणि शेवटचे ठिकाण ऐकू यायला हवे. आतली घोषणा बंद पडली तर चालक नाव पुकारू शकतो. बाहेरची बंद पडली तर तो माणूस दुसऱ्यावर विसंबून राहतो.

त्याच संदर्भात ठाण्याचे एक वाचक : गाडी मध्येच अडकली की ‘तांत्रिक कारणास्तव’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. सांगायला काय होते?

काहीच होत नाही. चांगल्या नियंत्रण कक्षात साधा शिरस्ता असतो : गाडी थांब्याव्यतिरिक्त मिनिटभर थांबली की बोलायचे. जे माहीत आहे ते सांगायचे आणि पुन्हा कधी सांगणार तेही. “पुढे रुळावर टेम्पो बंद पडलाय, तो ओढायला क्रेन निघालीय, पाच मिनिटांनी पुन्हा सांगतो.” एवढ्यावर माणूस ठरवतो, उतरून चालू लागायचे की बसून राहायचे. पाच मिनिटांनी नवीन काही नसले तरी ‘नवीन काही नाही’ हे सांगायचे. ते चुकले की पुढच्या घोषणेवर कोणी विश्वास ठेवत नाही. हे बोलणे चालकावर टाकू नये. त्याचे डोळे रस्त्यावर हवेत.

गिरगावातील एका मंडळाचे कार्यकर्ते : अनंत चतुर्दशीला ट्राम आमच्या रस्त्यावरून कशी जाणार?

जाणार नाही. त्या दिवशी गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्राम नको, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहावे.

प्रश्न गर्दीपेक्षा तारेचा जास्त आहे. ट्रामची तार रस्त्यापासून साधारण साडेपाच-सहा मीटर उंच, म्हणजे अठरा ते वीस फूट. मोठ्या मंडळांच्या मूर्ती तेवढ्याच उंच, शिवाय खाली ट्रॉली. वाटेत केबल आडवी आली की बांबूने वर उचलणारी पोरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ट्रामच्या तारेत 750 व्होल्ट डीसी असतात. तिथे बांबू चालणार नाही. त्या भागाचा वीजपुरवठा तोडायचा, तार जमिनीशी जोडून निर्धोक करायची, तसा लेखी निरोप पोलिसांना आणि मंडळांना द्यायचा आणि मगच मिरवणूक सोडायची. एवढे करूनही उंचीचा प्रश्न उरतोच. फ्रान्समध्ये नीस शहरातल्या पहिल्या ट्राममार्गावर दोन चौकांपुरती तारच नाही, तिथे ट्राम बॅटरीवर जाते. बोर्दोने 2003 मध्ये मधल्या शहरात जमिनीतून वीज दिली. पावसाळ्यात तुंबणाऱ्या आपल्या रस्त्यांवर जमिनीतली वीज मला रुचत नाही. गिरगाव, लालबाग अशा भागांत बॅटरीच बरी.

राहिलेल्या मार्गावर सेवा चालू ठेवायची तर मिरवणुकीच्या अलीकडे-पलीकडे गाडी उलट फिरवायची सोय हवी, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर जाणारे सांधे. ते रूळ टाकतानाच टाकावे लागतात. नंतर आठवून उपयोग नाही. कुठे टाकायचे हे अभियंत्यांना विचारण्याआधी तुमच्यासारख्यांना विचारावे.

मरीन लाइन्सचे एक वाचक : वानखेडेवर सामना सुटला की आमच्याकडे मुंगीला जागा नसते. ट्राम ही गर्दी उचलेल?

थोडी. हिशेब करून पाहू. वानखेडेची क्षमता सुमारे 33 हजार. त्यातले पाचातले एक ट्रामकडे वळले तर साडेसहा हजार. तीस मीटर लांब ट्राम दाटीवाटीने दोनशे माणसे घेते, म्हणजे तेहतीस गाड्या. दर दोन मिनिटांना एक सोडली तरी तासाहून अधिक वेळ लागतो. शेजारी चर्चगेट आणि मरीन लाइन्स आहेत. बारा डब्यांची एक लोकल जेवढी माणसे घेऊन जाते, त्यासाठी पंधरा-वीस ट्रामगाड्या लागतील. तेव्हा पश्चिम रेल्वेवाल्यांनी चालतच स्टेशन गाठावे. ट्राम सीएसएमटी, कुलाबा, भायखळ्याच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी. हे सामना सुरू होण्याआधीच सांगून ठेवायचे.

खरे कसब गाड्या किती, यापेक्षा त्या कुठे उभ्या आहेत यात आहे. शेवटचे षटक सुरू होताना पाच-सहा रिकाम्या गाड्या जवळच्या बाजूच्या रुळावर तयार हव्यात. डेपोतून मागवायच्या म्हटले तर त्याच गर्दीत अडकतील. रांग थांब्यावर लावायची नाही, थांब्याच्या अलीकडे लावायची आणि एका गाडीपुरती माणसे आत सोडायची. नाहीतर मागचा लोंढा पुढच्यांना रुळावर ढकलतो. सगळी दारे एकदम उघडायची आणि तिकीट तपासणी त्या तासाला गाडीत करायची नाही, रांगेतच करायची. तिसऱ्या-चौथ्या गाडीनंतर एक गाडी इथे न थांबवता पुढच्या थांब्यावर रिकामी पाठवायची, कारण तिथले नेहमीचे प्रवासी अर्धा तास भरलेल्या गाड्याच बघत असतात. त्यांना सामन्याशी काही देणेघेणे नसते. ही रिकामी गाडी समोरून गेली की रांगेतले लोक शिव्या घालतात, म्हणून ती सोडण्याआधी भोंग्यावर कारण सांगावे.

चैत्यभूमीला 6 डिसेंबरची गर्दी वेगळ्या प्रकारची. ती एकदम सुटत नाही. दोन-तीन दिवस दादर स्टेशन ते शिवाजी पार्क अखंड वाहत असते. तिथे राखीव गाड्यांचा उपयोग नाही. तिथे चालणाऱ्यांना पूर्ण रस्ता मोकळा द्यायचा आणि चाकावरचे काहीही त्यात घुसवायचे नाही.

परळचे एक वाचक : आणि पाऊस? हिंदमाताला पाणी भरले की?

ट्राम बंद. खाली टेकलेल्या आधुनिक गाड्यांचे विजेचे डबे बहुधा छतावर असले तरी मोटारी चाकांच्या आसपास असतात. शिवाय रुळाची खाच गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरते. पाणी ओसरले तरी खाच साफ केल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, नाहीतर चाक रुळावरून उतरते. नुसत्या पावसात मात्र काही बिघडत नाही. रूळ ओले असले की ब्रेक लावताना चाकासमोर वाळू सोडतात. म्हणून डेपोत कोरड्या वाळूचा साठा लागतो. मुंबईच्या जुलैत वाळू कोरडी ठेवणे हे वेगळेच काम आहे.

नावापुढे ‘रोजचा बाइकवाला’ असे लिहिणारे एक वाचक : रुळाला लागून दोन मिनिटे गाडी लावली तर एवढा काय फरक पडतो?

वळणावर ट्रामचे टोक रुळाच्या बाहेर झुकते, त्यामुळे तुमच्या बाइकचे हँडल वीतभर आत आले तरी पुरते. आणि ताशी 40 किलोमीटरच्या वेगात नेहमीच्या ब्रेकने थांबायला ट्रामला सुमारे पन्नास मीटर लागतात. रुळाला चिकटणारा चुंबकी ब्रेक लावला तर अंतर निम्म्याने कमी होते, पण आत उभी असलेली माणसे एकमेकांवर पडतात. म्हणून चालक आधीच थांबेल, घंटा वाजवेल आणि तुम्ही चहा संपवून येईपर्यंत मागे चार गाड्या उभ्या राहतील. बाइक पलीकडच्या गल्लीत लावा.