शेळीच्या डोळ्याचा आतला पडदा पांढरा पडला असेल, तर टॉनिकवर दिवस घालवू नका

सांगोला तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "चौदा उस्मानाबादी शेळ्या आहेत. महिन्यापूर्वी सगळ्यांना जंताचं औषध पाजलं. आता दुसऱ्या वेताची एक शेळी कळपाच्या मागं राहते, दोन दिवस झाले बसूनच आहे. हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज आहे. ती संध्याकाळी वाढते, सकाळी कमी होते. हगवण नाही, लेंड्या नेहमीसारख्या पडतात, जंतही दिसत नाहीत. मेडिकलवरून रक्तवाढीचं टॉनिक आणून पाजतेय. फरक का पडत नाही?"

ताई, पुढचं नंतर वाचा. आधी १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करून फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलवा, नाहीतर जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठा. तुम्ही सांगितलेली लक्षणं रक्त पिणाऱ्या जंतांची आहेत आणि बसलेल्या शेळीच्या हाताशी फार दिवस नसतात.

डॉक्टर येईपर्यंत तिला हाकलू नका, उभी करायला ओढाताण करू नका. अंगात रक्त उरलं नसलं की चार पावलं पळवलेली शेळीसुद्धा धाप लागून जागेवर जाते. सावलीत, कोरड्या जागेत, छातीवर बसवा. एका कुशीवर पडली तर पोट फुगतं. पाणी आणि शेवरीचा किंवा शेवग्याचा पाला तोंडापुढं ठेवा. हनुवटीखालच्या सुजेत पू नाही. रक्तातली प्रथिनं कमी झाल्यामुळं तिथं पाणी उतरलं आहे. ती फोडू नका, बिब्बा लावू नका, डागही देऊ नका. अशा शेळीला डाग दिला की दुखण्यावर दुखणं होतं, हे मी कळकळीनं सांगतो.

आता तुमच्या प्रश्नातलं खरं कोडं. हगवण नाही आणि जंत दिसत नाहीत, म्हणून जंताचा संशय तुम्हाला आला नाही. लेंडीवर भाताच्या शितासारखे जे पांढरे तुकडे दिसतात, ते पट्टकृमीचे. त्यांनी शेळी अशी पांढरी पडत नाही. रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा जंत राहतो चौथ्या पोटात. दोन-तीन सेंटिमीटरचा, बारीक, लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखा. तो लेंडीत दिसत नाही आणि बहुतेक वेळा हगवणही लावत नाही. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. हे काहीच नाही असं वाटेल, पण हजार जंत असले की रोज ५० मिली गेलं. ३० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं दोन लिटरच्या आसपास. दहा दिवसांत त्यातलं अर्धा लिटर कमी होतं आणि तेवढं भरून काढायला अंगाला वेळच मिळत नाही. जंत पोटात असताना नुसतं टॉनिक पाजणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं आहे.

म्हणून लेंडीकडं नाही, डोळ्याकडं बघायला शिका. उजेडात शेळीचं डोकं धरा. एका अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाबा आणि दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. आतला पडदा टचकन बाहेर येतो. त्याच क्षणी रंग बघा, कारण पापणी धरून ठेवली की रंग बदलतो. तुम्ही डाळिंबाच्या मुलखातल्या आहात, म्हणून तसंच सांगतो. पिकलेल्या भगव्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असेल तर शेळी चांगली. फिकट गुलाबी दिसला तर लक्ष ठेवायचं. ज्वारीच्या पिठासारखा पांढरा असेल तर त्याच दिवशी उपचार. दक्षिण आफ्रिकेत याच कामासाठी 'फामाचा' नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला. तो हाताशी नसला तरी पंधरा दिवसांनी एकदा सगळ्या शेळ्यांचे डोळे बघितले, तर नजर आपोआप बसते. दोन्ही डोळे बघा. डोळे आलेले असतील तर पडदा उगाचच लाल दिसतो आणि फसायला होतं.

मग महिन्यापूर्वी पाजलेलं औषध गेलं कुठं? तीन कारणं संभवतात. पहिलं, मात्रा कमी पडली. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर संपवतं, त्यामुळं मेंढीच्या हिशोबानं पाजलेला डोस शेळीला अपुरा पडतो. त्यात वजन अंदाजानं धरलेलं. दुसरं, जंतांना त्या औषधाची सवय झाली. पुष्कळ जण सांगतात की आम्ही औषध बदलून पाजतो. बाटल्या बघितल्या तर एकीवर अल्बेंडाझोल, दुसरीवर फेनबेंडाझोल. कंपनी बदलली, नाव बदललं, पण गट एकच. जंताच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही. तिसरं कारण चराईचं, म्हणजे चरताना नवे जंत पोटात गेले. त्याकडं पुढं येतो.

तुमच्या शेळीला आता कोणतं औषध, हे डॉक्टरांना वजन सांगून आणि आधीची बाटली दाखवून ठरवू द्या. क्लोझँटेल हिमॉन्कसवर चांगलं लागू पडतं, पण मात्रा जास्त झाली तर शेळी आंधळी होऊ शकते. लेव्हामिसोलमध्येही योग्य मात्रा आणि विषबाधा यांत अंतर थोडंच आहे. शेळी गाभण असेल तर ते आधी सांगा. गाभाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल देत नाहीत. पाजताना मान वर आभाळाकडं करू नका. औषध श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. दूध घरात वापरत असाल तर किती दिवस वापरायचं नाही, तेही विचारून घ्या.

पडदा अगदी पांढरा आणि शेळी उठतच नसेल, तर रक्त द्यावं लागतं. हो, शेळीला दुसऱ्या शेळीचं रक्त देता येतं आणि पहिल्या वेळी ते सहसा बाधत नाही. किलोला १० ते १५ मिली या हिशोबानं २५ किलोच्या शेळीला अडीचशे ते पावणेचारशे मिली लागतं. त्यासाठी तुमच्याच कळपातली लाल डोळ्यांची, धडधाकट शेळी किंवा बोकड बरोबर न्या. हे काम डॉक्टरांचंच. तालुक्याला सोय नसेल तर सोलापूरच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आधी फोन करून विचारा आणि टेम्पोत गवताचा थर टाकून, हळू चालवत न्या.

जंत पडले म्हणजे शेळी बरी झाली असं नाही. रक्त भरायला तीन-चार आठवडे लागतात. लोहाचं इंजेक्शन डॉक्टर देतील, पण अंगाला प्रथिनंही लागतात. तुरीचं भुसकट, हरभऱ्याचा भुसा, शेवरी, हादगा, लसूण घास द्या. शेंगदाणा किंवा सरकी पेंड मूठभरापासून सुरू करून आठवड्यात दीडशे-दोनशे ग्रॅमवर न्या. अशक्त आहे म्हणून एकदम पाटीभर ज्वारी किंवा मका घातला तर पोटात आम्लता होऊन ती त्यानंच जाईल. तेवढे दिवस तिला चरायला सोडू नका, करडं पीत असतील तर त्यांना वरचं दूध द्या.

राहिलेल्या तेरा शेळ्यांना सरसकट पाजायची घाई करू नका. पांढऱ्या आणि फिकट डोळ्यांच्या शेळ्यांनाच पाजा. लाल डोळ्यांच्या शेळ्यांत जे थोडे जंत राहतात, त्यांना औषधाची सवय लागलेली नसते आणि पुढं औषध लागू पडत राहण्यासाठी तेच उपयोगी पडतात. करडं, गाभण आणि नुकत्याच व्यायलेल्या शेळ्या मात्र बारकाईनं बघा. त्यांची ताकद कमी असते. औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी चार-पाच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या दवाखान्यात तपासायला द्या. लेंडीत जंतांची अंडी तशीच असतील तर औषधाचा गट बदलावा लागेल.

चराईचं सांगतो. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते आणि ती लेंडीतून रानात पडतात. आपल्याकडं चैत्र-वैशाखात माळ तापतो तेव्हा जंतांची पिल्लं उन्हानं मरतात. पण भाद्रपद-आश्विनातल्या पावसानंतर ऊब आणि ओल दोन्ही असते, आठवडाभरात पिल्लं तयार होऊन दहिवराबरोबर गवताच्या खालच्या काही बोटांत चढून बसतात. म्हणून सकाळी दहिवर उडाल्यावरच शेळ्या सोडा. कालव्याच्या कडेचा हिरवागार पट्टा रोज-रोज चारू नका. शेळी मुळात झाडपाल्याची धनी आहे. बाभूळ, बोर, सुबाभूळ यांवर तोंड वर करून खाऊ दिलं तर जंत कमी जातात. गोठ्यात चारा जमिनीवर न टाकता टांगून किंवा गव्हाणीत घाला. डाळिंबाच्या बागेतलं गवत फवारणीनंतर चारू नका, तो वेगळाच धोका आहे.

उजनीच्या पाणलोटाकडेला शेळ्या चारणाऱ्या करमाळ्याच्या एका दादांचाही असाच प्रश्न आहे, पण त्यांच्या शेळ्या महिनोन्‌महिने खंगत चालल्या आहेत. दादा, तुमच्याकडं हिमॉन्कसबरोबर चपट्या यकृतकृमीचाही संशय घ्यावा लागेल. तो गोगलगायींच्या दलदलीतून येतो, औषध वेगळं लागतं आणि नुसत्या फेनबेंडाझोलनं जात नाही. लेंड्या तपासून घ्या. एखादी शेळी दगावली तर पुरण्याआधी डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. यकृत आणि चौथं पोट उघडून बघितलं की बाकीच्या शेळ्यांना काय पाजायचं ते तिथंच कळतं.